महापालिकेतला भ्रष्टाचार पकडायचाय? आधी गल्लीतलं एक काम निवडा

"महापालिकेत सगळे खातात" हे वाक्य कट्ट्यावर बोलायला बरं वाटतं, पण त्याने कुणाचं काडीचंही बिघडत नाही, ना इंजिनिअरचं, ना कॉन्ट्रॅक्टरचं, ना नगरसेवकाचं. त्यांची झोप कशाने उडते माहितीये? समजा बिलात २६० चौरस मीटर पेव्हर ब्लॉक लावलेत आणि गल्लीतल्या चौघांनी टेप लावून मोजले तर भरले १८०, आणि ते आकडे, फोटो आणि बिलाची झेरॉक्स सगळं एकाच कागदाला जोडून आयुक्तांच्या टेबलावर गेलं, त्याने. कारण मग उत्तर द्यावं लागतं.

साधी गोष्ट आहे. पैसे कशाचे दिले ते फाईलमध्ये असतं आणि काम काय झालं ते रस्त्यावर असतं. ऑडिटवाला टेबलावर बसून फाईल बघतो, त्याला रस्ता दिसत नाही. आपण रोज रस्ता बघतो, आपल्याला फाईल दिसत नाही. सगळी खाबूगिरी या मधल्या जागेत चालते, म्हणून पुढचं सगळं हे फाईल रस्त्यावर कशी आणायची याबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या महापालिका धरून लिहितोय, पण नगरपालिकेलाही बहुतेक तसंच लागू पडेल.

हे नुसतं थिअरी म्हणून सांगत नाहीये. दिल्लीत सुंदरनगरी भागात 'परिवर्तन' या संस्थेने (हो, तीच, पुढे राजकारणात गेलेल्या अरविंद केजरीवालांची) डिसेंबर २००२ मध्ये जनसुनावणी घेतली होती. तेव्हा देशाचा आरटीआय कायदा नव्हता, दिल्लीचा स्वतःचा होता, त्यातून त्यांनी महापालिकेच्या ६८ कामांची कागदपत्रं काढली आणि वस्तीतल्या लोकांसमोर एकेक काम वाचून दाखवलं. एकूण कामं साधारण १ कोटी ३० लाखांची, आणि त्यातलं ७० लाखांच्या आसपासचं काम जागेवर नव्हतंच. पकडलं कुणी? तिथेच राहणाऱ्या बायकापुरुषांनी, ज्यांना माहीत होतं की आपल्या गल्लीत असलं काही झालेलं नाही.

काम कुठलं निवडायचं

एकच काम. मी पुन्हा सांगतो, एकच. "गेल्या पाच वर्षांतल्या प्रभागातल्या सर्व कामांची माहिती द्या" असा अर्ज केला की तुम्ही हरलात, कारण एकतर "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येणार नाहीतर खरंच दोन हजार पानं येणार आणि ती तुमच्या माळ्यावर पडून राहणार.

टेपने मोजता येईल, डोळ्याने मोजता येईल असं काम घ्या. फूटपाथ, पेव्हर ब्लॉक, गल्लीतलं काँक्रीट, ड्रेनेजची चेंबरची झाकणं, बागेतली खेळणी, बाकडी, रस्त्यावरचे दिवे. भुयारी गटाराचा मोठा प्रकल्प किंवा पाणी योजना सुरुवातीला घेऊ नका, जमिनीखाली काय गाडलंय ते तुम्हाला बघता येणार नाही. आणि काम शक्यतो गेल्या वर्ष-दोन वर्षातलं असावं म्हणजे दोष दायित्व कालावधी, ज्याला सगळे डीएलपी म्हणतात, तो चालू असेल. डीएलपीत असलेला रस्ता उखडला तर कॉन्ट्रॅक्टरने तो स्वतःच्या खर्चाने करून द्यायचा असतो, पण ते लोकांना माहीतच नसतं, आणि मग त्याच रस्त्याचं नवीन टेंडर निघतं. हा प्रकार इतका कॉमन आहे की नुसता डीएलपी तपासूनही तुमची पहिली केस मिळू शकते.

टीम पाच-सहा जणांची पुरते. एक जण कागद वाचणारा, एखादे रिटायर्ड पीडब्ल्यूडीवाले किंवा सिव्हिलवाले काका मिळाले तर सोनं, एक जण मोबाईलवर फोटो काढणारा, आणि एक जण लोकांशी बोलणारा किंवा बोलणारी. इथे मंडळातल्या पोरांपेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीबाई जास्त कामाच्या असतात असा माझा अनुभव आहे. नगरसेवकपदाचे इच्छुक उमेदवार टीममध्ये घेऊ नका, पुढे सगळं त्यांच्या फ्लेक्सवर जातं.

अर्ज करायच्या आधी फुकटात काय मिळतं

बरंच मिळतं. महाटेंडर्स पोर्टलवर टेंडर शोधता येतं, कामाचं नाव, अंदाजित रक्कम, किती जणांनी भरलं, कुणाला मिळालं. तीनच जणांनी भरलंय आणि तिघांचे दर एकमेकांना चिकटून आहेत असं सारखं दिसलं तर रिंग, म्हणजे आपसात ठरवून भरलेलं टेंडर, असण्याची शक्यता, लिहून ठेवा. दुसऱ्या टोकाला एखादं काम अंदाजित रकमेच्या पंचवीस-तीस टक्के बिलो गेलेलं असतं, तिथे विचारायचं की हा माणूस माल कुठला टाकणार आहे. आणि एकाच रस्त्याची तीन-चार छोटी छोटी कामं वेगवेगळ्या नावाने दिसली, "अमुक घर ते तमुक घर", "तमुक घर ते मंदिर", तर ते ई-टेंडरची मर्यादा चुकवायला पाडलेले तुकडे असू शकतात.

मुंबई सोडून बाकी महापालिकांत अजून एक आकडा लक्षात ठेवा, महापालिका अधिनियमातला ५(२)(२). टेंडर न काढता थेट काम द्यायची ही वाट आहे आणि त्यासाठी कारण लेखी नोंदवावं लागतं. ते कारण वाचण्यासारखं असतं बरं का, कधी कधी हसू येतं.

मग मुख्य लेखापरीक्षकांचा अहवाल. हा कुणीच वाचत नाही आणि हीच खाण आहे. महापालिकेचाच ऑडिटर आपल्याच खात्यांवर आक्षेप काढतो, "आक्षेपाधीन रक्कम", "वसूलपात्र रक्कम", "अभिलेख उपलब्ध करून दिले नाहीत" असे कॉलम असतात, आणि ते आक्षेप वर्षानुवर्षं तसेच पडलेले असतात. तुमच्या वॉर्ड ऑफिसचा भाग काढून वाचा. चोर कुठे शोधायचा ते ऑडिटरने आधीच लिहून ठेवलेलं असतं, तुम्ही फक्त "याची वसुली झाली का" एवढं विचारायचं.

सोमवारी तीन ते पाच

हे खूप लोकांना माहीत नाही. राज्य सरकारचा २६ नोव्हेंबर २०१८ चा जीआर आहे की जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघायला खुली ठेवायची. वॉर्ड ऑफिसला जाताना जीआरची प्रिंट खिशात ठेवा कारण निम्म्या टेबलांवर "असं काही नसतं" हेच ऐकायला मिळेल. भांडायचं नाही. प्रिंट पुढे सरकवायची, साहेबांचं नाव विचारायचं आणि शांत बसायचं.

तिथे बसून काय बघायचं तर एमबी. मोजमाप पुस्तिका. सगळा खेळ हिच्यात असतो. ज्युनियर इंजिनिअर जागेवर जाऊन मोजतो (म्हणजे मोजायला पाहिजे), लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी लिहितो, डेप्युटी तपासून सही करतो आणि त्यावरून बिल निघतं. एमबीमध्ये खाडाखोड, एकाच दिवशी चार टोकांच्या चार कामांची मोजणी, किंवा काम सुरू व्हायच्या आधीची तारीख असं काही दिसलं तर पान नंबर टिपून घ्या, म्हणजे नंतर नेमकी तीच पानं मागता येतात.

आरटीआयचा अर्ज

सोमवारी बघितलं तरी सही-शिक्क्याची प्रत लागतेच. राज्याच्या नियमांत अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, त्यामुळे कथा लिहू नका. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन भरा. मजकूर साधारण असा:

"विषय : प्रभाग क्र. … मधील … चौक ते … शाळा पदपथ सुधारणा कामाची कागदपत्रे. कालावधी : १ एप्रिल … ते ३१ मार्च … . खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : १) मंजूर अंदाजपत्रक, २) कार्यादेश, ३) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ४) अदा केलेली सर्व बिले, ५) साहित्य चाचणी व त्रयस्थ तपासणी अहवाल, ६) काम पूर्णत्वाचा दाखला व दोष दायित्व कालावधीची मुदत. तसेच सदर फाईलची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे."

बस. "का", "कसे काय", "जबाबदार कोण" असले प्रश्न नकोत, लगेच "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" असं छापील उत्तर येतं. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कायद्याचं कलम ६(२) तेच म्हणतं. आणि एक गोष्ट फार कमी लोक वापरतात, कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचाही हक्क आहे. म्हणजे डांबराचा, काँक्रीटचा नमुना अधिकाऱ्यासमोर घेता येतो. नुसतं हे लिहिलं तरी समोरचा जरा सरळ होतो.

३० दिवसात माहिती आली पाहिजे. मुदत उलटली की ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). नाही आली किंवा अर्धवट आली तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प, त्याच महापालिकेतल्या वरिष्ठाकडे. अपिलाच्या सुनावणीला नक्की जा, तिथे माहिती अधिकारी स्वतः हजर असतो आणि सायबासमोर बरेचदा "देतो, आठ दिवसात देतो" असं होतं. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करता येतं, दिवसाला २५० रुपये असा २५ हजारापर्यंत दंडही आहे, पण आयोगात तारीख लागायला एवढा वेळ जातो की तोपर्यंत रस्ताच नवीन होतो, त्यामुळे सगळा जोर पहिल्या अपिलावर ठेवा.

नकाराची ठरलेली उत्तरं असतात. "त्रयस्थ पक्षाची माहिती" म्हणाले तर सांगा की कॉन्ट्रॅक्टरला म्हणणं मांडायचा अधिकार आहे, नकार द्यायचा नाही, आणि जनतेच्या पैशाने दिलेल्या बिलात गुपित कसलं. "वैयक्तिक माहिती" हे कारण आता जास्त ऐकायला मिळणार, कारण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम बदललंय. म्हणून कुणाचा पगार, पत्ता, मालमत्ता असलं काही मागू नका, फक्त कामाचे कागद मागा, आणि सार्वजनिक हिताचं कलम ८(२) अजून जागेवर आहे ते अपिलात लिहा. "संचिका आढळून येत नाही" आलं तर खरं तर खूश व्हा. लेखी घ्या. फाईल सांभाळायची जबाबदारी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली त्यांची आहे, गहाळ फाईल ही स्वतंत्र तक्रार होते.

मोजणी

रविवारी सकाळी करा, वर्दळ कमी असते आणि लोक घरी असतात. तीस मीटरची टेप, खडू, वही, फोटोत जागा आणि तारीख उमटवणारं मोबाईल ॲप. एमबीची झेरॉक्स हातात घेऊन एकेक ओळ तपासत जायचं. लांबी-रुंदी सोपी आहे. जाडीसाठी फोडायला जाऊ नका, सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणून तुमच्यावरच केस व्हायची, त्याऐवजी कडा, चेंबरच्या बाजू, किंवा आधीच उखडलेला ब्लॉक बघा. एस्टिमेटमध्ये ८० मिलिमीटरचा ब्लॉक आणि जागेवर ६० चा, हे पट्टी लावली की दिसतं.

आजूबाजूच्या दुकानदारांना विचारा. काम किती दिवस चाललं, जुने ब्लॉक काढून तेच परत बसवले का, खाली खडी-सिमेंट टाकलं की मातीवरच लावले. टपरीवाल्याला सगळं माहीत असतं.

नालेसफाई असेल तर पद्धत वेगळी, तिथे मोजायला काही उरत नाही, गाळ गेला म्हणजे गेला. तिथे गाड्यांच्या नोंदी मागा, गाडी नंबर, फेऱ्या, वजनकाट्याच्या पावत्या, गाळ कुठे टाकला त्या जागेचे कागद. गाडी नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून बघा की तो खरंच डंपर आहे का, आणि एकच गाडी एकाच वेळी दोन नाल्यांवर दिसते का. मुंबईत मिठी नदीच्या गाळाबद्दल मे २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, साधारण ६५ कोटींच्या नुकसानीचा आरोप, आणि त्यात गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट असल्याचा मुद्दा आहे. खटल्याचं व्हायचं ते होईल, पण कुठला कागद मागायचा ते त्यातून कळतं.

कंत्राटी झाडूवाल्यांचं असेल तर हजेरीपट आणि पीएफचे चलन मागा आणि आठवडाभर सकाळी डोकी मोजा. कागदावर चाळीस, रस्त्यावर बावीस, असा फरक सापडला तर तो दर महिन्याचा फरक असतो. इथे एक सांभाळा, कामगारांना त्रास होता कामा नये, नावं जाहीर करू नका, त्यांचाच पगार कापला जात असतो बिचाऱ्यांचा.

लोकांसमोर वाचा

मोजणीनंतर थेट तक्रार करू नका, आधी जनसुनावणी. सोसायटीचा हॉल, शाळेचं पटांगण, मंडळाचा मांडव, काहीही चालेल. ज्युनियर इंजिनिअर, वॉर्ड ऑफिसर, नगरसेवक, कॉन्ट्रॅक्टर सगळ्यांना लेखी बोलवा, आले नाहीत तरी चालेल, बोलावल्याची पोच ठेवा. मग एमबीची ओळ वाचायची, आपलं माप वाचायचं, आणि तिथे राहणाऱ्याला विचारायचं "झालंय का हे?" भाषण नको, पक्ष नको, "चोर" हा शब्दही नको. आकडेच बोलतात, आणि वाटेल ते आरोप केले की बदनामीची नोटीस येते.

याचा दुसरा फायदा असा की माहिती सगळ्यांची होते. एकट्याने फाईल घेऊन बसलं की लगेच कुजबुज सुरू, हा आता सेटल करणार. आणि खरं सांगायचं तर असे लोक आहेतच, अर्ज टाकायचा आणि मग कॉन्ट्रॅक्टरला फोन लावायचा, त्यांनी या कामाचं नाव खराब करून ठेवलंय. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला एकट्याने कधीही भेटू नका, चहालाही नाही.

तक्रार कुठे

पहिली आयुक्तांकडे, प्रत दक्षता विभाग आणि मुख्य लेखापरीक्षकांना. मागणी मोजकी ठेवा: संयुक्त पाहणी करून पुन्हा मोजमाप, जादा दिलेल्या पैशाची वसुली, डीएलपीत दुरुस्ती. "सर्व दोषींना निलंबित करा" लिहिलं की फाईल पडते, "या ८० चौरस मीटरचे पैसे वसूल करा" लिहिलं की कुणाला तरी शेरा मारावाच लागतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांचा लोकशाही दिन असतो, त्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, आणि तिथूनच तीन वाजता फाईली बघायला जाता येतं.

तिथे नाही हललं तर लोकायुक्त, महाराष्ट्रात हे पद १९७२ पासून आहे. एसीबीकडे, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, उघड चौकशीची मागणी करता येते, पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर अधिकाऱ्याच्या निर्णयाबाबत चौकशीला कलम १७अ खाली सरकारची किंवा त्याला पदावरून काढू शकणाऱ्या प्राधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, म्हणजे वेळ धरून चाला. जळगावच्या घरकुल योजनेतल्या घोटाळ्याच्या प्रकरणात २००६ साली तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ऑगस्ट २०१९ मध्ये. ४८ जण दोषी ठरले, माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटींचा दंड, पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं. म्हणजे फिर्यादीपासून खालच्या कोर्टाच्या निकालापर्यंतच तेरा वर्षं गेली. मुंबईत मात्र २०१६ मध्ये ३४ रस्त्यांच्या चौकशीत कॉन्ट्रॅक्टरांबरोबर थर्ड पार्टी ऑडिट करणाऱ्यांवरही गुन्हे लागले, त्यामुळे "थर्ड पार्टीने ओके दिलंय" या उत्तरावर गप्प बसू नका.

थेट पैसे मागितले तर

नळ कनेक्शन, घरपट्टीची नोंद, बांधकाम परवानगी, कशासाठीही कुणी पैसे मागितले तर हो-नाही काही न बोलता "बघतो, सांगतो" म्हणून बाहेर या आणि १०६४ ला फोन करा, हा एसीबीचा टोल फ्री नंबर आहे. आधी पडताळणी होते, तुमच्याकडे रेकॉर्डर देऊन पंचासमोर तो पुन्हा मागतो का ते बघतात. मग सापळा. नोटा सहसा तुमच्याच, त्यावर पावडर लावतात, त्याने हात लावला की द्रावणात हात गुलाबी होतो. पैसे नंतर एसीबी परत देते.

कायदा नीट समजून घ्या, २०१८ पासून लाच देणंही गुन्हा आहे. आधी एसीबीला कळवून दिलेले पैसे चालतात. जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवायचं. आणि कोर्टात फितूर होऊ नका, दोन-तीन वर्षांनी समोरचा माणूस घरी येऊन रडतो, आणि बरेच जण तिथे पघळतात.

पैसे मागत नाहीयेत, फक्त लटकवताहेत, असं असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. कुठल्या दाखल्याला किती दिवस ते ठरलेलं आहे, 'आपले सरकार' वरून अर्ज केला की पावती मिळते, मुदत उलटली की अपील. ५०० ते ५००० रुपये दंड अधिकाऱ्याच्या खिशातून जातो.

सांभाळून

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जानेवारी २०१० मध्ये मारले गेले, जमिनीची प्रकरणं ते आरटीआयने बाहेर काढत होते. फूटपाथच्या ब्लॉकवरून सहसा एवढं होत नाही, पण जमीन, आरक्षण, अनधिकृत बांधकाम आलं की पैसा मोठा असतो आणि माणसंही वेगळी असतात. तक्रारदारांच्या संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा संसदेने मंजूर केला पण तो लागूच झालेला नाही. त्यामुळे असा अर्ज एकाने न करता दहा जणांनी वेगवेगळा करा, मिळालेला कागद त्याच दिवशी सगळ्यांना पाठवा, म्हणजे एकाला गप्प करून फायदा नाही. पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर चालतो, कलकत्ता हायकोर्टाने २०१३ मध्ये तसं म्हटलंय. धमकीचा फोन आला तर लगेच पोलिसात लेखी द्या.

वेळ कशी साधायची

मार्च एंडला बिलं धडाधड निघतात, अर्धवट कामंही "पूर्ण" होतात, म्हणून त्या वर्षाच्या कामांचा अर्ज मे महिन्यात टाका, तेव्हा एमबी आणि बिलं दोन्ही फाईलला लागलेली असतात. नालेसफाईचा मात्र काम चालू असतानाच, एप्रिलच्या शेवटी, म्हणजे गाड्या मोजता येतात. मोजणी पावसाच्या आधी एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा, दुसऱ्या वेळी डीएलपीचे खड्डे आपोआप दिसतात. पुण्यात राहत असाल तर पुढच्या बजेटसाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवायची पद्धत २००६ पासून आहे, तिथे स्वतः काम सुचवा, कारण स्वतः सुचवलेल्या कामाचं एस्टिमेट पहिल्या दिवसापासून आपल्या हातात ठेवता येतं.